लाल बटण आणि पहिले हजार फॉलोअर

मिक्सर चालता चालता अचानक गप्प झाला तर लगेच दुकानाकडे धावू नका. स्विच बंद करा, प्लग काढा, भांड्यातली निम्मी चटणी बाहेर काढा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मिक्सर उचलून त्याच्या बुडाकडे बघा. तिथं एक छोटं बटण असतं, बहुतेक वेळा लाल. मोटरवर ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि मोटर जळण्यापासून वाचते. ते आत दाबा. पुष्कळदा एवढ्यावर काम भागतं. पुन्हा पुन्हा बाहेर यायला लागलं तर मात्र दाखवायला आणा.

हे सांगणारं २६ सेकंदांचं रील मी टाकलं आणि बाबा माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत.

आमचं दुकान पुण्यात शुक्रवार पेठेत आहे, मंडईपासून चालत पाच मिनिटांवर. आजोबा स्टोव्ह दुरुस्त करायचे, बाबा कुकर आणि मिक्सर करतात. मी बी.कॉम. होऊन आठ वर्षं एका ऑफिसात बिलं काढली आणि २०२१ मध्ये नोकरी गेल्यावर काउंटरवर येऊन बसले. "त्या बटणाचे आपण तीस रुपये घेतो," बाबा म्हणाले. "तू ते फुकट वाटलंस. आता कुकरची रिंग कशी बदलायची तेही सांगून टाक, म्हणजे शटर ओढून घरी बसू."

मी तेही सांगितलं. आज इन्स्टाग्रामवर ४१ हजार आणि यूट्यूबवर १३ हजार माणसं आहेत. पुण्यात एखाद्या मिसळीच्या व्हिडिओला एका रात्रीत याच्यापेक्षा जास्त व्ह्यूज पडतात, त्यामुळे आकड्याचा तोरा मिरवण्यात अर्थ नाही. पण माझ्या साध्या रीलखाली दोनशे-अडीचशे कमेंट्स येतात आणि त्यात 'नाइस' कमी, 'ताई, भांड्याखालून काळं पाणी गळतंय' जास्त असतं. हल्ली मिक्सर हातात नसलेली मंडळीही दुकानात येतात आणि विचारतात, हे कसं जमवलं. प्रत्येकाला चहा पाजून सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

वही आधी, मोबाइल नंतर

पहिला महिनाभर मी काहीच शूट केलं नाही. काउंटरवर दोनशेपानी वही ठेवली आणि गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं. 'शिट्टी होत नाही पण वाफ बाजूनं जाते.' 'वरणाचं पाणी सगळं ओट्यावर येतं.' 'नवीन रिंग टाकली तरी तेच.' 'मोटर फिरते, पातं फिरत नाही, आणि रबर जळल्यासारखा वास येतो.' माझ्या डोक्यात त्या वेळी 'कुकर मेंटेनन्सच्या दहा टिप्स' असले मथळे घोळत होते. वहीत एकाही बाईनं मेंटेनन्स हा शब्द उच्चारलेला नव्हता.

वहीतलं वाक्य जसंच्या तसं मथळा म्हणून वापरायचं, हा माझा पहिला नियम. लोक यूट्यूबच्या शोधपट्टीत तेच टाइप करतात. तुम्हीही करून बघा: तुमच्या विषयाचा एक शब्द टाका आणि पुढचं न लिहिता थांबा, खाली ज्या ओळी आपोआप दिसतात त्या लोकांनी विचारलेल्या असतात. आपल्याकडे निम्मी मंडळी मराठी रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून मी कॅप्शनमध्ये देवनागरी ओळीखाली तीच ओळ रोमनमध्येही टाकते. दिसायला बरं दिसत नाही, पण माणसं येतात.

तुमचं दुकान नसेल तरी वही भरते. कात्रजची माझी एक मैत्रीण लोकांचे आयकर विवरण भरून देते. तिला वाटायचं, आपल्या विषयात रंजक असं काय आहे? मी म्हटलं, गेल्या जुलैत तुला आलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वर सरकवत जा. 'फॉर्म १६ आला, आता काय करू', 'रिफंड कुठं अडकलाय', 'दोन कंपन्यांत नोकरी केली तर दोन फॉर्म भरायचे का'. तिथंच चाळीस व्हिडिओ निघाले. ज्याला तुमच्या नात्यातली आणि सोसायटीतली माणसं काहीतरी विचारायला फोन करतात, तो तुमचा विषय. कुणीच काही विचारत नसेल, तर आधी एखादं काम शिका आणि मग कॅमेरा काढा. हे तोंडावर सांगितलं की माणसं नाराज होतात, पण खोटं कशाला बोलू?

सात सेकंदांचा लोगो

माझा पहिला व्हिडिओ आतेभावानं बनवला. सुरुवातीला गोल गोल फिरत येणारा लोगो, ढॅण् ढॅण् संगीत, मग मंडईच्या कळसाचं दृश्य, मग मी नमस्कार करून दुकानाचा इतिहास सांगते. मूळ मुद्दा होता कुकरची वाफनळी कशी साफ करायची, आणि तो यायचा ३८ व्या सेकंदाला. यूट्यूब स्टुडिओत एक आलेख दिसतो, किती माणसं कुठल्या सेकंदापर्यंत थांबली त्याचा. माझा आलेख सिंहगडाच्या तानाजी कड्यासारखा सरळ खाली उतरला होता. नळीपर्यंत पोचलेल्यांत एक मी आणि एक आत्या.

पुन्हा केला तेव्हा पहिलंच दृश्य असं: कुकरचं झाकण हातात उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरलेलं, आणि वाफनळीच्या भोकातून काहीच दिसत नाही, कारण आत तूरडाळीचा वाळलेला कण अडकलाय. आवाज फक्त माझा: "यातून उजेड दिसत नसेल तर कुकर गॅसवर ठेवू नका." मग सुई, मग नळाची धार, मग तेच भोक आणि त्यातून दिसणारा आकाशाचा ठिपका. सगळं मिळून ३१ सेकंद. हे बायकांनी नुसतं पाहिलं नाही, एकमेकींना पाठवलं.

पाठवण्याचं महत्त्व मला तेव्हा ठाऊक नव्हतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं की रील कुणापर्यंत पोचवायचं हे ठरवताना तीन गोष्टींना सर्वाधिक वजन असतं: लोक किती वेळ बघतात, किती जण लाइक करतात आणि किती जण ते दुसऱ्याला मेसेजमधून पाठवतात. आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसांपर्यंत जायचं असेल तर पाठवणं जास्त मोलाचं. म्हणून शूट करण्याआधी मी स्वतःला विचारते, हे कोण कुणाला पाठवेल? लाल बटणाचं रील सुना सासूबाईंना पाठवतात आणि सासूबाई सुनांना. 'मिक्सरचा इतिहास' कोण कुणाला पाठवणार?

लांबी वाढवण्याचा मोह टाळा. इन्स्टाग्रामवर आता तीन मिनिटांचं रील चालतं, यूट्यूब शॉर्ट्सही १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत गेले. मर्यादा वाढली म्हणून आपला मुद्दा काही वाढत नाही.

तपकीर गल्लीतली खरेदी

साहित्यावर फार बोलत नाही. मोबाइल आहे तोच चालतो, फक्त मागचा कॅमेरा वापरा आणि त्याची काच पुसा. आमच्या हातांना कायम ग्रीस, त्यामुळे माझे पहिले दहा व्हिडिओ धुक्यात काढल्यासारखे आहेत. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन एक कॉलर माइक आणि एक स्टँड आणलं. त्यातला माइक आधी घ्या. चित्र जरा काळवंडलं तरी लोक बघतात, आवाज नीट नसेल तर पुढं सरकतात, आणि आमच्या दारावरून तर दिवसभर टेम्पो आणि स्कूटरी चालू असतात. उजेडासाठी दिवे विकत घेऊ नका. आमच्या दुकानात सकाळी साडेदहा ते साडेअकरा उजेड सरळ काउंटरवर येतो, मी तेव्हाच शूट करते. तुमच्या घरातली ती खिडकी आणि तो तास शोधा.

पडद्यावर मराठी अक्षरं जरूर टाका, मोठी आणि कमी. बसमध्ये, दवाखान्यात, रात्री बाळ झोपल्यावर माणसं आवाज बंद करून बघतात. मला टायपिंगचा कंटाळा आहे, मी जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, मराठीत बोलते आणि ते लिहितं. 'वायसर'चं (कुकरच्या रिंगचं दुसरं नाव) काय काय करतं ते सांगत नाही, पण एकदा तपासून घ्या.

किती वेळा टाकायचं? मी आठवड्याला दोन टाकते, मंगळवारी आणि शुक्रवारी, शिवाय शुक्रवारच्या कोड्याचं उत्तर रविवारी, त्याबद्दल पुढं सांगते. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा चार शूट करून ठेवते. सुरुवातीला मी रोज टाकत होते, नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते अक्षरशः नऊच निघाले. दहाव्या दिवशी घसा बसला आणि पुढचे तीन आठवडे खात्यावर शुकशुकाट. तुम्हाला सणासुदीला, पाहुणे आले असताना, ताप आला असताना जेवढं झेपेल तेवढाच आकडा धरा.

ढोल वाजला आणि गाडी घसरली

आता माझी मोठी चूक. गणपतीत संध्याकाळी आमच्या दारासमोरून एक ढोल-ताशा पथक चाललं होतं. मी काउंटरवरूनच मोबाइल उचलला. पुढं ध्वज, मागं ताशाची तर्री आणि काचेच्या कपाटातली कुकरची झाकणं त्या ठेक्यावर थरथरतायत. दृश्य खरंच देखणं होतं. टाकलं. चार दिवसांत सहा लाख व्ह्यूज आणि नऊ हजार नवे फॉलोअर. घरात पेढे आले. बाबासुद्धा म्हणाले, "हे बरं आहे, यात आपलं काही फुकट जात नाही."

त्यानंतर मी मिक्सरच्या बुशचं रील टाकलं. बुश म्हणजे भांड्याच्या बुडातला तो भाग ज्यात पात्याचा दांडा फिरतो, तो झिजला की खालून पाणी गळतं. एरवी चार-पाच हजार व्ह्यूज तासाभरात यायचे, या वेळी दिवसभरात नऊशे. पुढचंही तसंच. कारण उघड आहे. नव्या मंडळींना ढोल हवा होता, त्यांना मी बुश दाखवला, त्यांनी अंगठ्यानं वर सरकवला. इन्स्टाग्रामचं यंत्र बघतं की या खात्याच्या स्वतःच्याच फॉलोअरना हे नकोय, मग ते इतरांना तरी कशाला दाखवेल? खातं पूर्वपदावर यायला संक्रांत उजाडली.

तेव्हापासून खात्यावर विषयाबाहेरचं काही टाकायचं झालं तर ते मी स्टोरीत टाकते, चोवीस तासांत जातं. खरोखर वेगळा प्रयोग करायचा असेल तर इन्स्टाग्रामवर 'ट्रायल रील' अशी सोय आहे, ते आधी फॉलोअर नसलेल्यांना दाखवलं जातं, आणि चाललं तर सगळ्यांसाठी खुलं करता येतं. तुमच्या खात्यावर ती दिसत असेल तर वापरा. आणि फॉलोअर विकत घेणारा कुणी भेटला तर त्याला माझी नऊ हजारांची गोष्ट सांगा. माझी निदान खरी माणसं तरी होती.

कमेंट म्हणजे काउंटर

सगळ्यात जास्त वेळ मी इथं घालवते आणि तुम्हीही घालवा.

मी रील रात्री साडेनऊला टाकते. माझ्या बहुतेक बायकांची भांडी आवरून झालेली असतात, हे खात्याच्या आकडेवारीतही दिसतं. पण खरं कारण असं की साडेनऊ ते सव्वादहा मी मोकळी असते आणि उत्तरं देऊ शकते. दुकान उघडून मालक गायब, असं चालेल का? टाकायची वेळ तीच ठरवा जिच्यानंतर तुम्हाला अर्धा-पाऊण तास बसता येईल.

उत्तर देताना हात जोडलेले बाहुले पाठवू नका. उलट प्रश्न विचारा. "कुकर गळतोय" अशी कमेंट आली की मी विचारते, "झाकणाच्या बाजूनं की शिट्टीखालून? रिंग कधी बदललीत?" ती बाई उठते, स्वयंपाकघरात जाते, बघून येते आणि लिहिते. मग सोलापूरची कुणी मधेच सांगते की तिच्याकडे पण असंच झालं होतं. मग नागपूरचे एक काका. तासाभरात त्या दोघा-तिघांचं आपसात जमतं आणि माझी गरजही उरत नाही. असा धागा जुळला की मी तो सगळ्यात वर पिन करते. आणि त्यातला जो प्रश्न सुटला नाही त्याला पुढचं रील. इन्स्टाग्रामवर कमेंटलाच रीलनं उत्तर देता येतं, त्या बाईचं वाक्य पडद्यावर दिसतं. ज्या बाईचं वाक्य दिसलं ती पुढच्या तीन व्हिडिओंवर हमखास येते, जावेला घेऊन येते.

शब्दही मला कमेंट्सनीच शिकवले. आम्ही रिंग म्हणतो, कुणी रबर म्हणतं, कुणी वायसर, कुणी गॅस्केट. मी एकदा बोलता बोलता फक्त गॅस्केट म्हणाले आणि खाली तीन जणींनी विचारलं, ते कुठं असतं? तेव्हापासून पहिल्यांदा दाखवताना वस्तू बोटानं दाखवते आणि चारही नावं घेते.

सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट मात्र ठरवून सुचलेली नाही. एका दुपारी दुरुस्तीला आलेला मिक्सर लावला तर टर्र-टर्र असा आवाज आला. मोटर पळतेय आणि पातं जागच्या जागी हिसके खातंय. मी सहज फोन धरला, झाकणावर फडकं टाकलं म्हणजे आत काय आहे ते दिसू नये, आणि विचारलं, "आवाज ओळखा. काय बिघडलंय?" उत्तर दिलंच नाही. म्हटलं, उत्तर रविवारी. तीनशे कमेंट्स आल्या. कुणी म्हणालं बेअरिंग, कुणी पातं सैल, कुणी म्हणालं, "मोटर गेली ताई, नवा घ्या." रविवारी फडकं काढलं आणि कपलर दाखवला, मोटरवरची ती दातेरी चकती. दाते झिजून गुळगुळीत, बाजूला काळी भुकटी. चार जणांनी बरोबर ओळखलं होतं, त्यांची नावं घेऊन वाचली. एका बाईनं लिहिलं की माझं नाव ऐकायला मी नवऱ्याला उठवलं.

आता दर शुक्रवारी 'आवाज ओळखा' असतं आणि रविवारी उत्तर. कार्बन ब्रश झिजलेल्या मोटरची चरचर, आत निळ्या ठिणग्या उडतात ती. बुश जाम झाल्यावरचं नुसतं हूं. तुमचा विषय कुठलाही असो, त्यात प्रेक्षकाला अंदाज करता येईल असं काहीतरी असतंच. पोळीवाल्या बाईंना कणकेचा गोळा दाखवून विचारता येईल, ही पोळी फुगेल का? आयकरवाली मैत्रीण विचारते, या माणसाला रिफंड मिळेल की नोटीस? उत्तर राखून ठेवायचं, पण सांगितलेल्या दिवशी द्यायचंच. एकदा मी रविवारी विसरले, तर सोमवारी सकाळी मिरजेच्या एका शिक्षिकेचा मेसेज: "आम्ही वाट बघत होतो." शाळेत गृहपाठ विसरल्यासारखं वाटलं.

वाईट कमेंट्स येतात. 'बाईच्या हातात पेचकस शोभत नाही, लाटणं शोभतं' असं एकानं लिहिलं. मी उत्तर दिलं, "लाटणंही दुरुस्त करून देते, पाठवा." एकदाच. दुसऱ्यांदा तोच माणूस आला तर ब्लॉक. शिवीगाळीचे शब्द सेटिंगमध्ये घालून ठेवले की तशा कमेंट्स आपोआप लपतात. मराठी शिव्या देवनागरीत आणि रोमनमध्ये अशा दोन्हीकडून घालाव्या लागतात. तो अर्धा तास फार मजेत गेला.

स्वतःची चूक झाली तर? माझी झाली. कपलर काढताना मी म्हणाले, "नेहमीच्या स्क्रूसारखा डावीकडे फिरवा." बऱ्याच मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात, उजवीकडे फिरवला की सुटतो. रोज हातानं उजवीकडे फिरवणारी मी, कॅमेऱ्यासमोर उलटं बोलून गेले. इचलकरंजीच्या एका वायरमननी कमेंटमध्ये पकडलं. मी ते रील काढून टाकलं आणि 'मी काल चुकीचं सांगितलं' या ओळीनं सुरू होणारं नवं टाकलं, त्यात त्यांचे आभार मानले. त्या आठवड्यात जेवढे जोडले गेले तेवढे एरवी महिन्यात येत नाहीत. म्हणून मुद्दाम चुका करू नका, पुण्यात लोक लगेच ओळखतात.

पैसे, फुकटच्या वस्तू आणि दोन सावधगिरीचे मुद्दे

'पी हळद हो गोरी' असा हा धंदा नाही. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि त्यासोबत एक तर वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मला १,००० जमायला चौदा महिने लागले आणि तास जमायला त्याहून जास्त, कारण शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या तासांत धरत नाहीत. म्हणून महिन्याला एक आठ-दहा मिनिटांचा सावकाश व्हिडिओ करते, 'कुकर पूर्ण उघडून साफ करूया' असा. त्याच्या जिवावर तास भरले.

त्याआधी येतात फुकटच्या वस्तू. एका कंपनीनं मला भाजी कापायचं यंत्र पाठवलं, मी आनंदानं दाखवलं. खाली कमेंट: "फुकट मिळालंय का?" कान लाल झाले, कारण मिळालंच होतं. मग वाचलं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशा खात्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, वस्तू, सहल, काहीही घेऊन एखाद्या मालाचं कौतुक केलं तर ते ठळकपणे सांगावं लागतं. फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हापासून पडद्यावर पहिल्याच सेकंदाला मराठीत 'जाहिरात' असं लिहिते. पुढं एकांनी मिक्सर पाठवून 'महिनाभर वापरला असं बोला' म्हटलं, तेव्हा खोका न उघडता परत पाठवला. त्या दिवशी बाबांनी स्वतः टेप लावून दिला.

सावधगिरीचा पहिला मुद्दा: 'तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत बंद होईल, इथं क्लिक करा' असा मेसेज आला की क्लिक करू नका. आमच्या गल्लीतल्या एका शिवणकाम शिकवणाऱ्या ताईंचं खातं असंच गेलं. टू-स्टेप पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय, आजच चालू करा आणि तो कोड एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर (मोबाइलवरच कोड बनवणारं अ‍ॅप) घ्या.

दुसरा: सगळी अंडी एका टोपलीत ठेवलीत तर काय होतं ते त्याच आतेभावाला विचारा, लोगोवाल्या. टिकटॉकवर त्याचे चांगले फॉलोअर होते. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली त्यात ते गेलं, आणि त्या फॉलोअरपैकी एकाचाही पत्ता याच्याकडे नव्हता. मी व्हॉट्सअ‍ॅप चॅनल ठेवलंय, दुकानाच्या पावतीवर त्याचा क्यूआर कोड छापलाय. शुक्रवारी आवाजाची लिंक तिथं जाते, बाकी काही नाही. रोज सुप्रभात पाठवलंत तर माणसं आवाज बंद करून ठेवतात.

तीस रुपयांचा हिशेब

बाबांचे तीस रुपये खरंच गेले. लाल बटण दाबून घ्यायला आता फारसं कुणी येत नाही. येतात ते धायरी, चिंचवड, हडपसरहून भांड्यांच्या पिशव्या घेऊन, आणि जवळच्या दुकानांवरून पुढं येऊन, कारण 'तुम्ही व्हिडिओत खरं सांगता.' मंडई मेट्रो स्टेशन झाल्यापासून तर स्वारगेटहून कुकर मांडीवर घेऊन येणाऱ्या बायका दिसतात. बाबा काउंटरमागून बघतात आणि हळूच विचारतात, "हे फॉलोअर की गिऱ्हाईक?"

गेल्या शुक्रवारचा आवाज त्यांनीच निवडला. खड-खड-खड, थांबून पुन्हा खड-खड. चारशे कमेंट्स आल्या, सगळे मोटर, बेअरिंग, बुश यातच अडकले. बार्शीच्या एका नववीतल्या मुलानं लिहिलं, "काकू, मशीनला काहीच झालं नाहीये. खालचा एक रबरी पाय तुटलाय, म्हणून ते ओट्यावर आपटतंय." तेच उत्तर होतं. रविवारी बाबा पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसले, मिक्सर उलटा केला, तुटलेला पाय दाखवला आणि त्या मुलाचं नाव तीन वेळा चुकीचं वाचलं. चौथ्यांदा बरोबर आलं, मग म्हणाले, "सुट्टीत ये, स्क्रू ड्रायव्हर देतो."

मुलाच्या आईचा मेसेज आलाय, दिवाळीत येतायत. येताना मिक्सर घेऊन येऊ का, असं विचारलंय.